खान्देशातील संस्थाचालकांना खुले पत्र: पोशाखाच्या कलमापायी पोरींचं शिक्षण अडवू नका

प्रति,
कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालये चालवणाऱ्या शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

सप्रेम नमस्कार वि. वि.

येत्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात पोशाखाचं एक कलम घालावं, अशी चर्चा आपल्याकडच्या काही संस्थांमध्ये सुरू आहे. 'आवारात धर्म दर्शवणारा कोणताही पोशाख चालणार नाही,' असं त्याचं साधारण रूप. कलमात कोणत्याही धर्माचं नाव नाही. पण ते कोणासाठी लिहिलं जातंय हे लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि गेटवरच्या शिपायालाही ठाऊक आहे. हे कलम घालू नका, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. त्याऐवजी काय करता येईल, तेही पुढे लिहिलं आहे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. बुरखा मला पटत नाही. बाईला तोंड झाकायला लावणारी कोणतीही रीत मला अन्यायाचीच वाटते, मग तिला घुंगट म्हणा की नकाब. १८ एप्रिल १९६६ ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायांना सोबत घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध त्या सात जणी रस्त्यावर उतरल्या, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. धर्माच्या नावाने चाललेल्या प्रत्येक गोष्टीला हात जोडावेत असं मी मानत नाही. आणि तरीही ही बंदी मला चुकीची वाटते, कारण तिची किंमत ज्या पोरीसाठी आपण काळजी दाखवतो, तिलाच मोजावी लागते.

आपल्याकडचंच पाहा. एका पिढीपूर्वी खान्देशात डोक्यावर पदर घेतल्याशिवाय सून ओट्यावर येत नसे. सासरे, दीर, गावातली वडीलधारी मंडळी समोर आली की पदर आणखी पुढे ओढला जाई. 'डोकावर पदर ले वं माय' हे वाक्य अहिराणी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलीने ऐकलेलं आहे. लेवा, मराठा, गुजर, राजपूत, सगळ्यांकडे कमीअधिक तेच. आज त्याच घरातल्या सुना जळगावच्या बँकेत कॅशिअर आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत, ग्रामसभेत उभ्या राहून बोलतात, आणि पदर खांद्यावर असतो. हा पदर कोणत्या कायद्याने खाली आणला? कोणत्या प्राचार्यांनी गेटवर उभं राहून सांगितलं की पदर काढ, मग वर्गात ये? तसं कोणी सांगितलं असतं, तर आमच्या बापांनी आम्हाला दुसऱ्या दिवशीच शाळेतून काढलं असतं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लग्न लावून दिलं असतं. पदर खाली आला तो शिक्षणाने, पगाराने, एस.टी.ने एकटीने केलेल्या प्रवासाने. आणि काहींनी तो ठेवला, आजही ठेवतात. त्यांच्या हुशारीत त्यामुळे काही कमी झालं नाही.

आमच्या घरांना जी सवलत आणि जो वेळ मिळाला, तो रावेरच्या किंवा धुळ्याच्या मुस्लिम पोरीला का मिळू नये?

तिचा रस्ता कसा असतो हे आपल्याला माहीत नाही असं नाही. अनेक गावांत उर्दू शाळा दहावीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तालुक्याला यायचं, माध्यम बदलायचं, अनोळखी वर्गात बसायचं. घरात त्या वेळी स्थळं बघायला सुरुवात झालेली असते. आई तिच्या बाजूने असते, बाप अर्धा तयार असतो, काका नसतो. शेवटी तडजोड होते: जा, पण स्कार्फ बांधून जा. ही तडजोड आदर्श नाही, हे मलाही कळतं. पण त्या तडजोडीवर ती अकरावीला येते, बारावी होते, बी.एस्सी. करते, डी.फार्म.ला जाते. गेटवर आपण तो स्कार्फ काढायला लावला की ती तडजोड मोडते. काका म्हणतो, मी म्हणालोच होतो. पोर घरी बसते. ज्या पुरुषी हुकमाविरुद्ध आपण बोलतो, त्याच हुकमाचा विजय आपण आपल्या हाताने करून देतो.

हे माझं अनुमानच आहे असं कोणी म्हणेल. फ्रान्सने १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी घातली. त्या कायद्याचा परिणाम स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधक महिलांनी तपासला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केला. मुस्लिम मुलींच्या माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्यावर त्याचा वाईट परिणाम झाला, असंच त्यांना दिसलं. फ्रान्ससारख्या देशात, जिथे शाळा सक्तीची आणि फुकट आहे, तिथे हे झालं. आपल्याकडे तर पोरीचं नाव शाळेतून काढायला कारणच लागत नाही. एकीकडे आपलं राज्य २०२४-२५ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी भरतं, आणि दुसरीकडे आपण गेटवर कलम लावायचं, हे जुळत नाही.

आता कायद्याचं. आपले वकील आपल्याला सांगतील की कायदा संस्थेच्या बाजूने आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. हिजाब घातला म्हणून वर्गात बसू न दिलेल्या उडुपीच्या मुलींच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला सरकारचा गणवेशाचा आदेश योग्य ठरवला. हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक प्रथा नाही, असं म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी मान्य केली. गणवेशामागचा समानतेचा हेतू त्यांना महत्त्वाचा वाटला. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती अमान्य केली. हिजाब अत्यावश्यक आहे की नाही या वादात शिरायचीच गरज नव्हती, हा मुलीच्या स्वतःच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि तिच्या शिक्षणाची वाट आपण सोपी करतो आहोत की अवघड हे पाहायला हवं, असा त्यांचा रोख होता. दोघांत मतभेद झाल्याने प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला.

आपल्याच राज्यात चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, नकाब, स्टोल, टोपी, बॅज असं सगळं एका ओळीत बंद केलं. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ ला विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. पण ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती त्या आदेशाला स्थगिती दिली. मुलांचा धर्म कळू नये हा हेतू असेल तर नावावरून तो कळत नाही का, आणि टिळा लावून आलेल्या मुलीला तुम्ही अडवाल का, हे प्रश्न न्यायमूर्तींनीच विचारले. त्याच वेळी, वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. मला ही रेघ योग्य ठिकाणी ओढलेली वाटते. डोकं झाकलेलं असलं तर शिकवण्यात काही अडत नाही. चेहरा झाकलेला असला तर अडतं. शिकवलेलं समजलं की नाही हे शिक्षकाला पोरीच्या चेहऱ्यावरून कळतं, हे मी वर्गात आयुष्य घालवून सांगते.

धर्मस्वातंत्र्याला मर्यादा नाहीत असं संविधान म्हणत नाही. अनुच्छेद २५ ची सुरुवातच 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य' या अटींनी होते. त्याच अनुच्छेदात पुढे सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं सगळ्या वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. तो तिथे का आला हे अमळनेरकरांना सांगायला नको. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं इथे शिक्षक होते. त्याच गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून. दार बंद ठेवणारेही धर्माचंच नाव घेत होते, परंपरेचंच नाव घेत होते. तिथे मर्यादा घालणं आवश्यक होतं, कारण एकाचा आचार दुसऱ्याला दाराबाहेर उभा करत होता. डॉ. आंबेडकर २ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत हेच सांगत होते: आपल्याकडे धर्माच्या कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळ्या जीवनाला व्यापतात, त्या सगळ्याला संरक्षण दिलं तर सामाजिक सुधारणा ठप्प होईल. मला हे पूर्ण मान्य आहे.

आता त्या पंढरपूरच्या दारासमोर आपलं गेट ठेवून बघा. रुमाल बांधून बसलेली पोर कोणाला बाहेर काढते? कोणाचं पाणी बाटवते? शेजारच्या बाकावरच्या मुलीचं काय जातं? उलट या कलमामुळे दाराबाहेर उभी राहते ती तीच. गुरुजींच्या गावात राहून मला हे दिसत असताना गप्प बसणं शक्य नाही.

मर्यादा घालायची रीत कशी असावी, याचं आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. सरकारनेही मग बाकीच्या गावांना तसं आवाहन केलं. या ठरावाने काय केलं ते बघा. प्रत्येक विधवेने कुंकू लावलंच पाहिजे, असं त्यात नाही. जिला लावायचं नाही तिने लावू नये. बंद झाली ती जबरदस्ती. बाईच्या कपाळावर, गळ्यात, डोक्यावर काय असावं हे दुसऱ्याने ठरवणं बंद झालं. पोशाखाचं कलम करायचंच असेल तर ते हेरवाडच्या धर्तीचं करा.

इराणकडे बघितलं की हे आणखी कळतं. १९३६ साली तिथल्या शहाने बुरखा-चादर बंद केली, पोलीस रस्त्यात बायांच्या डोक्यावरून कापड ओढून काढत. १९७९ च्या क्रांतीनंतर तेच कापड सक्तीचं झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते नीट घातलं नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मेली. सत्ता बदलली, हुकूम उलटा झाला, बाईला विचारलं कोणीच नाही.

या जोडीने आणखी एक प्रकरण सांगते, ते आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेत तमिळ मुळाची हिंदू मुलगी नाकात चमकी घालून आली. शाळेच्या नियमात तशा दागिन्यांना जागा नव्हती. घरच्यांचं म्हणणं, मुलगी वयात आली की नाक टोचायची ही आमच्या घराची रीत आहे. शाळेचं म्हणणं, हिंदू धर्मात हे सक्तीचं नाही, मग सूट कशाला? प्रकरण तिथल्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये मुलीच्या बाजूने निकाल लागला. धर्माने बंधनकारक केलेल्या आचारालाच संरक्षण आणि स्वेच्छेने पाळलेल्या आचाराला नाही, असा भेद करायला त्या न्यायालयाने नकार दिला. आपली लेक परदेशात चमकीपायी वर्गाबाहेर उभी राहिली असती तर आपण कोणाच्या बाजूने असतो, हे प्रत्येक संचालकाने मनाशी विचारावं.

आपल्याही कायद्याला सूट देणं नवीन नाही. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे असं अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना मोटार वाहन कायद्याने हेल्मेटमधून सूट आहे, जिथे प्रश्न जिवाचा आहे तिथेसुद्धा. १९८५ साली केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेपायी गात नसत, म्हणून शाळेने काढली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. केंद्रीय विद्यालयांच्या गणवेशात मुस्लिम मुलींना गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ आणि शीख मुलांना पटका चालतो, हा मुद्दा उडुपीच्या खटल्यात मांडला गेला. केंद्रीय विद्यालय आपल्या भुसावळलाही आहे. तिथली शिस्त त्यामुळे ढासळली असं मी कधी ऐकलं नाही.

आणि हे कलम खान्देशात राबवणार कसं? एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला की स्कूटीवरची प्रत्येक पोर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधते. त्यात पाटील, चौधरी, जैन, सोनवणे, शेख, सगळ्या आल्या. गेटवरचा शिपाई कोणाचा स्कार्फ उन्हाचा आणि कोणाचा धर्माचा हे कसं ओळखणार? आडनाव विचारूनच. म्हणजे धर्म दिसू नये म्हणून केलेला नियम रोज सकाळी गेटवर धर्म विचारणार. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल आहेत, धर्माने मुसलमान आणि सरकारदरबारी अनुसूचित जमात. त्यांच्या आयाबाया साडी नेसतात. फैजपूर-सावद्याच्या स्वामीनारायण घरातली मुलं कपाळावर टिळा-चांदलो लावतात, गळ्यात कंठी घालतात. मुक्ताईनगरच्या वारकऱ्याच्या पोराच्या गळ्यात तुळशीची माळ असते. नंदुरबारच्या पोरींच्या हातावर गोंदण असतं, ते तर काढताही येत नाही. कलम खरंच सगळ्यांना लावलं तर निम्मं महाविद्यालय गेटवर थांबेल. एकाच समाजाला लावलं तर तो भेदभाव आहे, आणि आपल्या प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात हे लक्षात घ्या. अनुदान घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्माच्या कारणाने कोणाला प्रवेश नाकारू नये, असं अनुच्छेद २९ सांगतो.

आपली खरी भीती वेगळी आहे, ती मला माहीत आहे. 'आज यांना हिजाब चालू दिला, उद्या पोरं भगवी उपरणी घालून येतील, मग आवरणार कोण?' २०२२ मध्ये कर्नाटकात तेच झालं, म्हणून ही भीती पोकळ नाही. माझं म्हणणं असं की एखादा मुलगा रोज श्रद्धेने उपरणं घेत असेल तर त्यालाही घेऊ द्या. पण घोळक्याने, एका पोरीला घेरून घोषणा द्यायला कोणी उपरणी चढवत असेल, तर प्रश्न उपरण्याचा उरत नाही. ती दमदाटी आहे, आणि दमदाटीवर कारवाई करायला आपल्याकडे शिस्तीचे नियम आधीपासून आहेत. ते वापरा. गुंड पोरांना आवरणं अवघड म्हणून शांत बसलेल्या पोरीला बाहेर काढायचं, यात न्याय नाही.

आता काय करावं ते सांगते. वर्गात आणि परीक्षेला चेहरा उघडा असावा, हा नियम सर्वांना सारखा लावा, उन्हाच्या स्कार्फलाही. परीक्षेआधी ओळख पटवायला आडोशाची खोली आणि तिथे बाई कर्मचारी ठेवा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हाच मार्ग काढला होता: हिजाब घालणाऱ्या मुलींनी तपासणीसाठी अर्धा तास आधी यायचं. प्रयोगशाळेत ओढणी असो, पदर असो की स्कार्फ, सुटं टोक बर्नरजवळ नको, घट्ट बांधलेलं हवं. कनिष्ठ महाविद्यालयात गणवेश असेल तर स्कार्फचा रंगही त्यातच ठरवून द्या. आवारात पोरींचं मोबाइलवर चित्रीकरण करून ते पसरवणाऱ्यावर पहिल्याच दिवशी कारवाई करा. कॅमेरे घेऊन पोरींच्या मागे धावणारी माणसं आपण सगळ्यांनी टी.व्ही.वर पाहिली आहेत.

आणि एक गोष्ट यात विसरू नका, ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. ज्या पोरीला स्कार्फ काढायचा आहे, तिलाही आपल्या आवारात निर्धास्त वाटलं पाहिजे. ती बसमधून उतरून वर्गात येते, स्कार्फ बॅगेत ठेवते, संध्याकाळी पुन्हा बांधून घरी जाते. तिच्याकडे बोट दाखवणारा वर्गमित्र, घरी चुगली करणारा चुलतभाऊ, तिला समज द्यायला येणारा कोणी मौलाना, यांना आवारात थारा देऊ नका. एका तरी प्राध्यापिकेकडे अशा मुलींना मोकळेपणाने बोलता यावं, अशी सोय करा. आणि आपल्यापैकी ज्या संस्था अँग्लो-उर्दू शाळा चालवतात आणि जिथे स्कार्फ गणवेशात सक्तीचा आहे, त्यांनाही माझं हेच मागणं आहे: तो ऐच्छिक करा. काढायची सक्ती चुकीची म्हणणाऱ्याने घालायच्या सक्तीबद्दल मूग गिळून बसू नये.

प्रवेश सुरू होण्याआधी संचालक मंडळाची बैठक होईल. त्या बैठकीला आपल्याच महाविद्यालयातल्या चार-दोन मुस्लिम मुलींना बोलवा, घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या दोन्ही, आणि त्यांचं ऐकून मग कलमाचा मसुदा हातात घ्या. परीक्षेच्या दिवशी ओळख तपासायला बाई कर्मचारी कमी पडत असतील तर मी येईन, माझ्या ओळखीच्या निवृत्त शिक्षिकाही येतील, मानधन नको. फक्त आदल्या दिवशी निरोप द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अमळनेर